फेलोशिपचा अर्ज नोव्हेंबरात सुरू होतो

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. जुलै लागला की ज्याच्या त्याच्या फोनवर तोच आकडा. नेमकं त्याच दिवसांत माझ्याकडे एमएस्सी झालेली, पीएचडीला लागलेली पोरं-पोरी येतात. "मॅडम, आपत्तीत उपयोगी पडेल अशा संशोधनाला फेलोशिप मिळते म्हणे. अर्ज बघता का जरा?" मी इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, पाणी तपासणीचं थोडं काम करते, आणि असे अर्ज लाल पेनानं रंगवून परत देते. एकेकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

विज्ञान-तंत्रज्ञान घेऊन पूरग्रस्त, विस्थापित, छावणीतल्या माणसांसाठी काम करायला पैसा देणाऱ्या योजना देशात आहेत आणि बाहेरही आहेत. हुशार पोरांचे अर्ज त्यात एकाच जागी अडकतात. या संशोधनाचा निकाल उद्या नेमका कोण वापरणार, या रकान्यात "समाजाला उपयोग होईल" असं लिहिलेलं असतं. समाज काही सही करून पत्र देत नाही. पत्र देणारा माणूस शोधावा लागतो, आणि तो पावसाळ्यात सापडत नाही, नोव्हेंबरात सापडतो. त्याकडे येतेच.

छावणीतलं संशोधन म्हणजे काय

१९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी सीमेवरच्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनोबीस तिथं होते. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, आणि लावायला प्रशिक्षित माणसंही पुरेशी नव्हती. त्यांनी एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा, असं मिश्रण करून पिंपात भरलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांना सांगितलं, पेल्यानं पाजत राहा. जिथं मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात होतं, तिथं ते चार टक्क्यांच्या खाली आलं. १९७३ मध्ये त्यांनी हे शोधनिबंध म्हणून छापलं. मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये.

मीठ-साखरेचं शास्त्र त्यांनी शोधलेलं नव्हतं. ग्लुकोजबरोबर आतडं सोडियम आणि पाणी ओढून घेतं हे आधीच माहीत होतं, ढाक्यात आणि कलकत्त्यात रुग्णालयांमध्ये तपासूनही झालं होतं. बनगावात तपासलं गेलं ते वेगळंच: डॉक्टर-नर्स नसताना, चिखलात, आईनं किंवा भावानं पाजलं तरी हे लागू पडतं का? नवा रेणू, नवं यंत्र, नवा अल्गोरिदम असलाच पाहिजे, असा धाक घेऊन जे येतात त्यांना मी आधी हे वाचायला देते.

प्रश्न कसा निवडायचा

पहिला मसुदा बहुतेकांचा सारखा असतो. "पूरग्रस्तांसाठी मोबाईल अ‍ॅप." त्यात नकाशा, लाल बटण, चॅटबॉट. मी विचारते, २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीत पाणी शिरलं तेव्हा फोन कुठं चार्ज करत होती माणसं? पुढचं बोलणं मग जमिनीवर येतं.

अ‍ॅपला माझा विरोध नाही, पण प्रश्न आधी हवा. एक उदाहरण पूर्ण उघडून दाखवते, कारण ते माझ्या विषयातलं आहे.

२०१९ च्या पुरात बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शहराला पाणी देणारी उपसा केंद्रंच पाण्यात गेली. सगळीकडं पाणी आणि प्यायला टँकर. टँकरमध्ये टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, टाकतात. गावात हे काम जलसुरक्षकाचं, म्हणजे पाणी शुद्ध ठेवायला ग्रामपंचायतीनं नेमलेल्या माणसाचं. तो नळाच्या किंवा टँकरच्या तोटीचं पाणी छोट्या नळीत घेतो, ओटीचे (ऑर्थोटोलिडीन, क्लोरीन दाखवणारं रसायन) दोन-चार थेंब टाकतो, पिवळा रंग आला की वहीत "क्लोरीन आहे" अशी नोंद करतो. सकाळी दहाची नोंद ठीक असते. पण ते पाणी शाळेतल्या निवारा केंद्रात हंड्यात, कळशीत, कोकच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवलेलं असतं आणि लहान पोरं ते संध्याकाळी पितात. गाळ असेल, भांडं आतून बुळबुळीत असेल, त्यात हात बुडत असेल, तर क्लोरीन तोपर्यंत उडून गेलेला असतो. वहीत पिवळा, पेल्यात पांढरा.

मदतकार्यात जगभर वापरली जाणारी स्फिअरची मानकं सांगतात की माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी हवं, आणि पाणी देण्याच्या ठिकाणी लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला अजून मोकळा असलेला. पण पाणी पिणारा तोटीशी पीत नाही. कॅनडातलं यॉर्क विद्यापीठ आणि एमएसएफ या डॉक्टरांच्या संस्थेनं निर्वासित छावण्यांतल्या नोंदी घेऊन हाच हिशेब मांडणारं एक साधन तयार केलं आहे: तोटीशी किती डोस ठेवला तर घरातल्या भांड्यात इतक्या तासांनी पुरेसा उरेल. आपल्याकडं प्रश्न असा होतो: शिरोळ तालुक्यातल्या निवारा केंद्रांत टँकरपासून हंड्यापर्यंत क्लोरीन किती तासांत उतरतो, आणि सकाळी किती टाकलं तर संध्याकाळी ०.२ उरेल? ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की तो घटतो. मग डोस पोत्यावरच्या छापील आकड्यानं ठरवायचा की पोत्याची तपासणी करून? तीन वर्षांचं काम आहे हे. (गावात ओटी चालते, पण अर्जात मोजमापासाठी डीपीडी हे दुसरं रसायन लिहा. ओटी थोडी थांबून वाचली तर संयुक्त क्लोरीनही (दुसऱ्या पदार्थांशी बांधला गेलेला, कमी कामाचा) मोजला जातो, शिवाय तिचा रसायन म्हणून धोका आहे. परीक्षकांत एक तरी रसायनवाला असतोच.)

भूगोल, संगणक, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी दुसरं. पुराच्या दिवसांत आभाळ फुटलेलं असतं, साध्या उपग्रह छायाचित्रात ढगच दिसतात. युरोपच्या सेंटिनेल-१ चं रडार ढगांतून बघतं आणि त्याची माहिती फुकट मिळते. सपाट पाणी त्यात काळं उमटतं, म्हणून पुराचा नकाशा पटकन निघतो. पण शिरोळ-करवीरमध्ये पाणी शिरतं कुठं? उसात. पुरुषभर उसाच्या बुडात चार फूट पाणी असलं तरी रडारला वरचा पाला आणि दांडे दिसतात, आणि कधी उलट तो भाग जास्तच उजळ येतो. म्हणजे नकाशा सांगतो कोरडं, आणि शेतकरी गळ्यापर्यंत पाण्यात. उसातलं पाणी ओळखायचं कसं, यावर इथं बसून काम करणाऱ्याला जी सोय आहे ती बंगळुरात बसलेल्याला नाही. त्याला शेत माहीत नाही. तुम्हाला शेताचा मालकसुद्धा माहीत आहे.

तिसरं नुसतं सांगून ठेवते: इशारा मिळूनही माणसं घर का सोडत नाहीत, याचं उत्तर आपल्याकडं बऱ्याचदा गोठ्यात असतं. म्हैस कुठं न्यायची? ज्यांना समाजशास्त्र आणि पशुवैद्यक एकत्र आणता येईल त्यांनी इकडं बघावं.

पत्र: नोव्हेंबरात का

जुलै-ऑगस्टमध्ये जिल्हाधिकारी कार्यालयातला आपत्ती व्यवस्थापन कक्ष, जिल्हा परिषदेचा पाणी आणि स्वच्छता विभाग, ग्रामपंचायत, बोटी घेऊन फिरणारे व्हाईट आर्मीसारखे स्वयंसेवक, कुणाकडंच तुमच्याशी बोलायला वेळ नसतो, आणि नसावा. सप्टेंबर-ऑक्टोबर पंचनामे, अनुदान, गाळ, दसरा, दिवाळी. दिवाळीनंतर हात मोकळे होतात आणि आठवण ताजी असते. कोण कुठं अडकलं, काय कमी पडलं, हे माणसं न विचारता सांगतात. तेव्हा जा. फॉर्म घेऊन जाऊ नका, वही घेऊन जा.

माझी एक विद्यार्थिनी पाण्यातला गढूळपणा आणि क्लोरीन मोजणारं छोटं उपकरण घेऊन नदीकाठच्या एका गावात गेली. उपकरण देखणं होतं, पडदा निळा, आकडे टिपटिप बदलणारे. जलसुरक्षक मामांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "लाईट गेल्यावर चालतंय का हे?" ती म्हणाली, बॅटरी आहे, सहा तास. "आणि लाईट चार दिवस नसली तर?" पुढं, "ओल्या हातानं धरायचं का पुसून?" आणि शेवटी, "आकडा दाखवतंय ते खरं, पण मी त्यात टीसीएल किती चमचं घालू, ते सांगतंय का?" तिनं तिथंच पायरीवर बसून हे सगळे प्रश्न लिहून घेतले. तिच्या अर्जातला सगळ्यात जोरकस परिच्छेद तोच निघाला. उपकरण मागं पडलं, चमच्यांचा तक्ता पुढं आला.

मग पत्र. "सदर संशोधनास आमच्या शुभेच्छा आहेत" असलं लेटरहेडवरचं पत्र जोडून काही होत नाही, परीक्षक असली पत्रं ढिगानं बघतात. पत्रात तीन गोष्टी हव्यात: आज आम्ही काय करतो, निकाल आला तर काय बदलू, आणि आम्ही काय देणार. मी पोरांना असा कच्चा मजकूर देते:

"पुराच्या काळात आमच्या गावातील निवारा केंद्रात टँकरने पाणी येते. टँकरमध्ये टीसीएल किती टाकायचे हे सध्या अंदाजाने ठरवले जाते. या अभ्यासातून डोसचा तक्ता मिळाल्यास तो जलसुरक्षकाच्या नोंदवहीत लावून पुढील पावसाळ्यात त्याप्रमाणे वापरू. तपासणीसाठी ग्रामपंचायत एक माणूस आणि शाळेतील एक खोली उपलब्ध करून देईल."

खाली सरपंच आणि ग्रामसेवकाची सही, शिक्का, जावक क्रमांक. जावक क्रमांक घ्याच. मराठी पत्राचं इंग्रजी भाषांतर शेजारी जोडा आणि मूळ प्रतही ठेवा. मूळ मराठी पत्र बघून परदेशी समितीला उलट विश्वास वाटतो, असं माझं मत आहे.

पैसा कुठं आहे

इथं मी भरभर जाते, कारण रकमा, वयाच्या अटी आणि तारखा बदलतात, चालू जाहिरातच वाचायची.

पीएचडी करायचीच असेल तर नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही कनिष्ठ संशोधन फेलोशिप हा सरळ रस्ता. जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि पुढच्या वरिष्ठ टप्प्याला (एसआरएफ) ४२,०००, अधिक घरभाडं. विषय तुमचा, म्हणजे आपत्तीचा प्रश्न त्यात बसवता येतो. राज्यात सारथी, बार्टी आणि महाज्योती या सरकारी संस्थांच्या पीएचडी फेलोशिप आहेत, आपापल्या प्रवर्गाप्रमाणे. सारथीची तर कोल्हापुरात कचेरी आहे, चौकशीला पुण्याला पळू नका. आयआयटी, आयआयएस्सी अशा ठिकाणी जाणाऱ्यांसाठी पंतप्रधान संशोधन फेलोशिप. लग्न, बाळंतपण यांत संशोधन सुटलेल्या बायकांसाठी विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण योजना आहे, तिच्यात सामाजिक प्रश्नांवर विज्ञान लावणाऱ्यांसाठी वेगळा भाग आहे. आमच्याकडं याचे अर्ज फार कमी जातात, का कोण जाणे.

संस्था निवडताना मुंबईची दोन नावं लक्षात ठेवा: आयआयटीतलं सितारा केंद्र, जे १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करतं, आणि टाटा समाजविज्ञान संस्थेतलं आपत्ती अभ्यासाचं स्कूल. आपल्या शिवाजी विद्यापीठातला मार्गदर्शक आणि तिथला सहमार्गदर्शक, अशी जोडी चांगली जमते.

परदेशात कॉमनवेल्थ शिष्यवृत्तीच्या ठरलेल्या विषयांत "विकासासाठी विज्ञान-तंत्रज्ञान" आणि "संकटांना तोंड देण्याची क्षमता" असे दोन आहेत. एकच निवडायचा असतो, दोन्हींत पाय ठेवू नका. स्वित्झर्लंडमधल्या ईपीएफएल आणि ईटीएच या तंत्रविद्यापीठांनी रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीबरोबर मदतकार्यातल्या अभियांत्रिकीचा उपक्रम चालवला आहे, तिथल्या प्रयोगशाळांच्या पीएचडी जागांवर लक्ष ठेवा. ब्रिटनच्या एल्रा या संस्थेचा आरटूएचसी हा संकटकाळातल्या आरोग्य संशोधनाचा निधी एकट्याला मिळत नाही, संशोधन संस्था आणि मदत संस्था यांची भागीदारी लागतेच. तरी त्यांनी आधी मंजूर केलेल्या प्रकल्पांचे सारांश वाचा, प्रश्न कसा मांडतात ते कळतं. युनिसेफचा इनोव्हेशन फंड नोंदणीकृत कंपन्यांना असतो, विद्यार्थ्याला नाही. आणि अमेरिकेतल्या एएएएस या विज्ञान संघटनेची धोरण फेलोशिप अमेरिकी नागरिकांनाच. दरवर्षी कुणीतरी त्यावर आठवडा घालवतं. पात्रता पहिल्यांदा वाचा, उद्देश नंतर.

"पंचनाम्याला आलाय व्हय?"

निवारा केंद्रात वही-पेन घेऊन शिरलात की पहिला प्रश्न हाच येतो. माणसाला वाटतं तुमच्या कागदावर नाव आलं तर भरपाई मिळेल, नाही आलं तर बुडेल. अशा माणसाची "संमती" ही संमती नव्हे. म्हणून अर्जात नैतिकतेचा भाग शेवटच्या रात्री चिकटवू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत आपत्तीतल्या संशोधनावर स्वतंत्र प्रकरण आहे, ते वाचा आणि त्यातलं तुम्ही काय कसं पाळणार ते साध्या भाषेत लिहा. मी हे लिहायला लावते: ओळख करून देताना पहिलं वाक्य "याचा भरपाईशी संबंध नाही, नाही म्हणालात तरी काही बिघडत नाही", गावचा तलाठी किंवा सदस्य शेजारी उभा असताना संमती घ्यायची नाही, चेहऱ्याचे फोटो नाहीत, घराचं लोकेशन आणि नाव एकाच फाईलमध्ये नाही. आणि बचावाच्या बोटीत संशोधकाची जागा नाही. पाणी उतरेपर्यंत थांबायचं. परवानगी देणारी समिती महिना-दोन महिन्यांनी बसते, तेव्हा पुरासाठीची मंजुरी उन्हाळ्यातच घेऊन ठेवावी लागते.

पूर आलाच नाही तर?

मुलाखतीत हा प्रश्न येणार म्हणजे येणार. "येतोच की दरवर्षी" हे उत्तर चालत नाही. २०१९ नंतर २०२१ ला आला, मधल्या वर्षी तसा नव्हता. कोरड्या वर्षाचा बेत लेखी हवा, आणि तो कोल्हापुरात हाताशी आहे. नोव्हेंबर ते मार्च उसाच्या फडात बीडकडून आलेल्या टोळ्या कोप्या घालून राहतात. ताडपत्री, उघड्यावरचं न्हाणं, पाणी लांबून आणलेलं, हंडा दिवसभर उन्हात. निवारा केंद्रापेक्षा बरी स्थिती नाही, फक्त तिला कुणी आपत्ती म्हणत नाही. टँकरचा नाही तर तिथला हंडा मोजा. मुकादमाशी आधी बोला, पण परवानगी बाईची घ्या, कारण पाणी ती आणते. चैत्रात जोतिबाची यात्रा: लाखो माणसं, तात्पुरतं पाणी, भर ऊन. उन्हात क्लोरीन कसा उतरतो ते तिथं दोन दिवसांत कळतं. हा बेत ऐकून समितीतले लोक कागदावरून डोकं वर काढतात. एवढंच नव्हे, काही जणांनी पूर सोडून फडच मुख्य विषय केला, आणि मला ते जास्त आवडलं.

कागदपत्रं

खर्चाच्या तक्त्यात लॅपटॉप पहिल्या ओळीवर नको. डीपीडीच्या गोळ्या, नमुन्याच्या बाटल्या, बर्फाचा डबा, प्रवास, जलसुरक्षकाला आणि टोळीतल्या सहभागी बायकांना वेळेचा मोबदला, शेवटी गावात निकाल सांगायची एक सभा आणि तक्त्यांची छपाई, हे आधी. शिफारसपत्र मोठ्या नावाचं आणि कोरडं, की ओळखणाऱ्याचं आणि भरलेलं, असा पेच पडला तर दुसरं घ्या. शिफारस करणाऱ्याला तुमचा सारांश आणि तारीख तीन आठवडे आधी द्या.

कॉलेजच्या ना-हरकत पत्राला वेळ लागतो. क्लार्क रजेवर, साहेब मीटिंगला, शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली तिसऱ्याकडं. ते जाहिरात यायच्या आधीच, तारखेची जागा मोकळी ठेवून तयार करून घ्या.

परदेशी अर्जाची मुदत कुठल्या घड्याळानं आहे ते बघा. लंडनचे रात्रीचे बारा म्हणजे आपले हिवाळ्यात पहाटेचे साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार. पीडीएफचं वजन किती चालतं तेही आधी तपासा. सरपंचांच्या सहीचं पत्र फोननं काढलेल्या फोटोतून केलेलं असलं की हमखास मर्यादेबाहेर जातं, आणि ते लहान करताना शिक्का पुसट होतो. बिंदू चौकात किंवा राजारामपुरीत कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडं नीट स्कॅन करून मिळतं, ते करून घ्या.